चुकलेलं रीडिंग खोडायला लावू नका

प्रति,
अभ्यास मंडळाचे सदस्य आणि आम्हाला शिकवणारे सर्व प्राध्यापक

आदरणीय सर आणि मॅडम,

मी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थोड्या दिवसांनी माझं शेवटचं सत्र संपेल. त्याआधी एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे, आणि ती पहिल्या वर्षाच्या माझ्या जर्नलपासून सुरू होते.

त्या जर्नलमध्ये साध्या लोलकाचा प्रयोग आहे. पान नीटनेटकं आहे. आकृती पट्टीने काढलेली, निरीक्षणांचा तक्ता आखलेला, आलेखाची रेषा बरोबर शून्यातून निघालेली. खाली लाल शाईत सही आणि 10 पैकी 9 गुण. त्या तक्त्यातले वेळेचे सगळे आकडे खोटे आहेत, आणि ते मी लिहिले आहेत.

झालं असं. दोऱ्याची लांबी 50 सेंटिमीटर ठेवून 20 दोलनांचा वेळ मोजला, तो 28.9 सेकंद आला. पुन्हा मोजला, पुन्हा 28.9. सूत्रात घातल्यावर गुरुत्व त्वरण आलं 9.45. ते 9.8 यायला हवं, हे प्रयोग सुरू होण्याआधीच वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. विषुववृत्तापाशी ते साधारण 9.78 असतं, ध्रुवांपाशी 9.83. म्हणजे 9.45 यावं अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. मी गोंधळून स्टॉपवॉचकडे बघत बसले होते. शेजारच्या टेबलावरून मैत्रीण म्हणाली, "अगं, 28.4 लिही, बरोबर येतं." तिने तिचेही आकडे तसेच बसवले होते. मी 28.4 लिहिलं. उरलेल्या चार लांबींचे आकडेही उत्तरावरून उलटे काढून बसवले. याला आमच्याकडे 'रीडिंग ॲडजस्ट करणं' म्हणतात. हा शब्द कुणी लपूनछपून वापरत नाही. वरच्या वर्गातली मुलं पहिल्याच आठवड्यात तो शिकवतात, स्टॉपवॉच कसं शून्यावर आणायचं हे शिकवावं तितक्या सहज.

हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. आकडे मी बदलले, हात माझा होता. पण ते बदलावेत असं मला का वाटलं, याचा विचार मी गेले काही महिने करते आहे. तो तुमच्यापर्यंत पोहोचला नाही तर पुढच्या बॅचची मुलंही हेच करतील.

मला हे पहिल्यांदा टोचलं ते कॉलेजमध्ये नाही, इंटर्नशिपमध्ये. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी दोन महिने एका छोट्या कंपनीत काम केलं. औषधं साठवायच्या थंड खोल्यांमध्ये तापमान नोंदवणारी उपकरणं बसवायची, त्यांच्या नोंदी तपासायच्या आणि अहवाल द्यायचा, असं तिथलं काम. अशी बरीच औषधं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. एका खोलीत अशी 12 उपकरणं, म्हणजे लॉगर, लावली होती. प्रत्येक लॉगर दर पाच मिनिटांनी एक नोंद करायचा. दोन दिवसांच्या मिळून 6912 नोंदी माझ्या हातात आल्या. खोली पूर्ण वेळ मर्यादेत राहिली का, एवढंच मला सांगायचं होतं.

अकरा लॉगर शहाण्यासारखे 4 ते 6 अंशांच्या मधे होते. सातव्या क्रमांकाचा मधूनच 9 अंशांवर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. मला वाटलं, उपकरणात काहीतरी बिघाड आहे. मी त्या 24 नोंदी काढून टाकल्या. आलेख एकदम सुंदर दिसायला लागला. अहवालात लिहिलं की खोलीचं तापमान पूर्ण वेळ मर्यादेत होतं. संध्याकाळी मी तो समाधानाने पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सीनियर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "नोंदी 6912 असायला हव्यात. इथे 6888 आहेत. 24 कुठे गेल्या?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या चुकीच्या होत्या."

"कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्यांसारख्या नव्हत्या म्हणून चुकीच्या, इतकंच माझं कारण होतं. त्या रागावल्या नाहीत. मूळ फाइल उघडायला सांगितली आणि त्या 24 नोंदींच्या वेळा एका कागदावर ओळीने लिहायला लावल्या. तिसऱ्या गटापर्यंत आले तेव्हाच लक्षात आलं. दर सहा तासांनी तीन-तीन नोंदी, म्हणजे दर सहा तासांनी साधारण पंधरा मिनिटं. कोणताही बिघाड इतका घड्याळ लावून येत नाही. थंड खोलीच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, हळूहळू बर्फ धरतं. ते वितळवायला ठरावीक वेळाने थंडावा थांबवून कॉइल गरम करतात. सातवा लॉगर नेमका त्या कॉइलसमोरच्या कप्प्यात होता. उपकरण धडधाकट होतं. तो कप्पाच औषधं ठेवण्यालायक नव्हता, आणि अख्ख्या अहवालात कळवण्याजोगी गोष्ट तेवढी एकच होती. तीच मी पुसून टाकली होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक झाली म्हणून नव्हे, नवखी मुलगी चुकणारच. त्या 24 नोंदी काढताना मला काहीच वाटलं नव्हतं, हे मला खुपत होतं. हात अडखळला नव्हता. हे करायची सवय मला होती. ती कुठून लागली, हेही मला माहीत होतं.

सुट्टी संपल्यावर मी पहिल्या वर्षाची रफ वही शोधून काढली. मागच्या पानावर लोलकाची पाचही खरी रीडिंग्ज पेन्सिलीत तशीच होती. त्यांचा आलेख मी पुन्हा काढला. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकाळाचा वर्ग. पाचही बिंदू एका सरळ रेषेत आले, इतके सरळ की मला आश्चर्य वाटलं. फक्त ती रेषा शून्यातून जात नव्हती. उभ्या अक्षाला ती 0.08 च्या आसपास छेदत होती. मागे वाढवली तर आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे 2 सेंटिमीटरवर मिळत होती. आणि रेषेच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढलं तर 9.8 च्या अगदी जवळ!

ते 2 सेंटिमीटर म्हणजे लोलकाच्या गोळ्याची त्रिज्या आणि त्याच्या वरची, दोरा बांधायची कडी. मी लांबी मोजली होती ती फक्त दोऱ्याची. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. माझं घड्याळ बरोबर होतं, मोजणंही बरोबर होतं. लांबी प्रत्येक वेळी 2 सेंटिमीटर कमी धरली गेली होती, आणि नेमकं हेच आलेख मला सांगत होता. मी ती रेषा ओढूनताणून शून्यातून नेली आणि त्याचं तोंड बंद केलं.

सर, मॅडम, माझ्या तीन वर्षांच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात चांगला धडा त्या 0.08 मध्ये होता. पद्धतशीर चूक (प्रत्येक मोजणीत सारखीच शिरणारी चूक) म्हणजे काय, आलेख कशासाठी काढतात, एका रीडिंगवर विसंबण्यापेक्षा चढ का बघतात, हे सगळं त्यात होतं. व्याख्या मला तेव्हाही पाठ होत्या. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं असतंत तर मी पद्धतशीर चुकीची व्याख्या धडाधड सांगितली असती, आणि समोरच्या पानावर तीच चूक झाकलेली असती.

एक मान्य करायला हवं, की ही ओढ फक्त विद्यार्थ्यांना असते असं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला. हवेच्या श्यानतेचा (हवा थेंबाला किती अडवते याचा) आकडा थोडा चुकीचा वापरल्यामुळे त्यांचं उत्तर किंचित कमी आलं. त्यानंतरच्या लोकांचे आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत, थोडेथोडे वर सरकत गेले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बोलताना याचं कारण सांगितलं होतं: मिलिकनपेक्षा फार वेगळं उत्तर आलं की लोक आपलं कुठे चुकलं ते शोधत बसायचे, आणि जवळपास आलं की तितकं कसून शोधायचे नाहीत. शास्त्रज्ञांचं असं होत असेल, तर गुणांसाठी धडपडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांचं होणारच.

पण दुसऱ्या बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते मला फार आवडतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीने मिळवलेला नायट्रोजन, यांच्या घनतेत हजारात एका भागाचा फरक येत होता. हजारात एक! आमच्या प्रयोगशाळेत याला कुणी फरकही म्हटलं नसतं. रेले यांनी तो झाकला नाही. 1892 मध्ये त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटंसं पत्र छापून, मला हे कोडं सुटत नाही, कुणाला कारण सुचतं का, असं चक्क रसायनशास्त्रज्ञांना विचारलं. मग पूर्णपणे रासायनिक संयुगांतून काढलेला नायट्रोजन घेतला, तर फरक कमी होण्याऐवजी वाढला, दोनशेत एक भाग इतका. त्याच फरकाचा माग काढत ते आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी 1894 मध्ये आर्गॉनपर्यंत पोहोचले. आपण रोज श्वासातून आत घेतो त्या हवेचा जवळजवळ एक टक्का भाग हा वायू आहे, आणि तोवर तो कुणाला माहीत नव्हता. 1904 मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, रेले यांना भौतिकशास्त्राचं, रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं.

माझ्या 2 सेंटिमीटरमध्ये आर्गॉन नव्हता. पण ते सापडल्यावर मला जो आनंद झाला, तो 10 पैकी 9 मिळाल्यावर झाला नव्हता. तो आनंद पहिल्याच वर्षी, अठराव्या वर्षी, प्रत्येकाच्या वाट्याला यावा असं मला मनापासून वाटतं. आणि तो येईल की नाही हे बऱ्याच अंशी तुम्ही गुण कशाला देता यावर ठरतं. निष्कर्षाचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला की पूर्ण गुण, अशी रीत असेल तर आम्ही आकडा जुळवतो. पेनने लिहिलेली, न खोडलेली कच्ची रीडिंग्ज, आणि उत्तर का जुळलं नाही याचा शोध, याला गुण मिळाले तर आम्ही तेही करू. आमचं मन गुणांमागे धावतं, हे सांगायला मी लाजत नाही आणि ते नाकारतही नाही.

माझी पहिली मागणी हीच आहे. जर्नलमध्ये रीडिंग्ज त्याच दिवशी, तिथेच, पेनने लिहायला लावा आणि त्या पानावर लगेच सही करा, उत्तर काढायच्या आधी. त्या सहीला 'बरोबर' असा अर्थ नसावा, 'हे मोजलं होतं' एवढाच असावा. मग नंतर 9.45 आलं तर ते 9.45 च राहील, आणि मुलांना पुढचा प्रश्न विचारावाच लागेल.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. त्या 24 नोंदी परत घातल्यावर इंटर्नशिपमधला तो अहवाल मी चार वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यावर सीनियरनी वरच लिहिलं होतं, "हे कुणी वाचायचंय?" मी उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष या जर्नलच्याच क्रमाने लिहिलं होतं. कोणत्या कप्प्यात औषधं ठेवायची नाहीत, हे वाचणाऱ्याला पाचव्या पानावर कळत होतं. दुसऱ्या मसुद्यात ते पहिल्या ओळीत आलं, पण 'तापमानात वाढ आढळून आली' असं. त्यांनी समासात तीन प्रश्न लिहिले: किती, कधी, किती वेळ? चौथा मसुदा दीड पानांचा होता. तो वाचून खोली सांभाळणाऱ्या माणसाने त्याच दिवशी कप्पा रिकामा केला. त्याने मला एकही शंका विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिहिण्याने काहीतरी हललं होतं.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. कॉलेजच्या आजवरच्या काळात मी लिहिलेली एकही गोष्ट, पुन्हा लिहून आण म्हणून माझ्याकडे परत आली नव्हती. जर्नलवर सही होते. उत्तरपत्रिका जाते ती जातेच, परत येतात ते गुण. असाइनमेंटचा गठ्ठा सत्र संपल्यावर कपाटात पडून राहतो. माझं कुठे चुकलं हे मला कळतं तेव्हा तो विषय संपलेला असतो. अनेकदा कळतच नाही, फक्त 61 असा आकडा दिसतो, आणि उरलेल्या 39 मध्ये काय होतं याचा अंदाज बांधत मी पुढच्या सत्रात जाते.

शाळेपासून आजपर्यंत 'संवादकौशल्य' या विषयावर मी किती व्याख्यानं ऐकली असतील! हस्तांदोलन कसं करावं, नजरेला नजर कशी भिडवावी, स्लाइडवर किती ओळी असाव्यात. ती देणारे लोक मनापासून बोलत होते, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण समासातल्या त्या तीन प्रश्नांनी जे दिलं, ते त्या सगळ्यांनी मिळून दिलं नाही. लिहिणं सुधारतं ते कुणीतरी ते खरंच वाचून 'मला हे कळलं नाही' म्हणतं तेव्हा.

तुमच्यावरचा भार मला दिसतो. एका बॅचला 20 जण, अशा चार बॅच, वर्षाला 12 प्रयोग. म्हणजे एका शिक्षकाला 960 लेखांवर सह्या करायच्या. त्या वाचून कशा होणार? म्हणून मी अधिक काम मागत नाही, कामाची वेगळी वाटणी मागते. प्रयोग 12 ऐवजी 8 करा. त्यातले दोन प्रयोग असे ठेवा की पहिला लेख शेऱ्यांसह परत यावा आणि विद्यार्थ्याने तो सुधारून, गरज पडली तर पुन्हा मोजून, दुसऱ्यांदा द्यावा. हिशोब केला तर 80 मुलांचे 640 लेख आणि पुन्हा आलेले 160, मिळून 800. सध्यापेक्षा 160 कमी. पाहिजे तर सगळे शेरे लिहूही नका. समासात एक प्रश्न पुरतो. "रेषा शून्यातून का नेलीस?" एवढं त्या दिवशी कुणी लिहिलं असतं तरी चाललं असतं.

यातले चार प्रयोग गेले तर अभ्यासक्रम 'हलका' झाला असं कुणीतरी म्हणेल. माझ्या 12 प्रयोगांपैकी आज मला मनापासून समजलेला एकच आहे, आणि तो त्याचा आलेख मी दोन वर्षांनी स्वतःहून पुन्हा काढला म्हणून.

पाठांतराबद्दलही थोडं बोलायचं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही नोट्स तीन-तीनदा वाचतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलं असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. कॉलेजच्याच मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला, काहींना न बघता आठवेल तेवढा लिहून काढायला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. एका आठवड्यानंतर मात्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. मला हे वाचून स्वतःची कीव आली. मी सगळी मेहनत त्या पाच मिनिटांसाठी करत आले होते.

यासाठी नवी परीक्षा नको. परीक्षा पुष्कळ आहेत. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, वह्या बंद, गेल्या आठवड्यातलं काय आठवतं ते एका कागदावर. गुण नाहीत, कागद गोळा करायचे नाहीत, ज्याने त्याने वही उघडून आपलं आपण तपासायचं. आमचे एक सर पहिल्या वर्षी असं करायचे. तेव्हा आम्ही कुरकुर केली, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांनी ते बंद केलं. आज त्या विषयातलं मला सगळ्यात जास्त येतं.

आमच्या कुरकुरीबद्दल एक विनंती. फीडबॅक फॉर्मवर आम्ही जे लिहितो ते जरा सांभाळून वाचा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी नीट मांडलेलं व्याख्यान ऐकलं, काहींनी तोच विषय गटात गणितं सोडवत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. धडपडताना आपण मागे पडतोय असं वाटतं, ऐकताना सगळं सोपं वाटतं. तेव्हा तुम्ही आम्हाला धडपडायला लावलंत आणि आम्ही तक्रार केली, तर लगेच थांबू नका. आधी चाचणी बघा, मग आमचं ऐका.

नोकरीसाठी लागणाऱ्या कौशल्यांची यादी आम्हाला दरवर्षी दाखवली जाते, तीत एक गोष्ट मला कधी दिसली नाही: प्रश्न विचारणं. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात मी एक अख्खा दिवस एका फाइलशी झगडत बसले. तारखा उलटसुलट येत होत्या. एका उपकरणात आधी महिना आणि मग दिवस अशी नोंद होती, बाकीच्यांत उलट, एवढीच भानगड. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. विचारलं नाही कारण वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला आलं नाही हे जाहीर करणं, असं इतकी वर्षं अंगात मुरलं होतं. सीनियरनी मला एक साधा नियम दिला: अर्धा तास स्वतः झगड, मग विचार, आणि विचारताना आधी काय काय करून पाहिलंस ते सांग. हा नियम मी आता मैत्रिणींना अभ्यासातही लावायला सांगते. निम्म्या वेळा 'काय करून पाहिलं' हे लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. रेले यांचं 1892 चं पत्रही याच धाटणीचं होतं: आपण काय केलं, काय मिळालं, काय कळत नाही.

व्हायवामध्ये याला जागा करता येईल. दहा मिनिटांतली दोन मिनिटं उलटी करा. विद्यार्थ्याला विचारा, या प्रयोगातलं तुला अजून काय कळलेलं नाही? आणि चांगल्या प्रश्नाला गुण द्या. सुरुवातीला सगळे 'सगळं कळलं' म्हणतील. दुसऱ्या महिन्यात तसं म्हणणारे कमी होतील.

शेवटचा मुद्दा थोडक्यात, कारण तो तुम्हालाही रोज दिसत असणार. आता बरीच मुलं जर्नल आणि असाइनमेंट एआयकडून लिहून घेतात. यावर बंदी, तपासणी, दंड असं बरंच बोललं जातं. मला एवढंच म्हणायचं आहे की आदर्श लोलकाचा आदर्श लेख यंत्र आमच्याहून चांगला लिहितं आणि लिहीतच राहणार. आम्ही आकडे ॲडजस्ट करून जे करत होतो तेच ते न थकता करतं. पण माझ्या दोऱ्याची लांबी मी कुठपर्यंत मोजली, हे त्याला दिसलेलं नाही. त्या दिवशी त्या टेबलावर जे घडलं ते फक्त मी पाहिलं. तुम्ही तेच मागितलंत तर मला ते मलाच लिहावं लागेल.

हे पत्र नुसतं पाठवून मला मोकळं व्हायचं नाही. पहिल्या वर्षाच्या एका बॅचवर, लोलकाच्या एकाच प्रयोगापुरतं, हे करून बघायची परवानगी द्या. तिसऱ्या वर्षातल्या आम्ही चौघी परीक्षेपर्यंत दर आठवड्याला दोन तास प्रयोगशाळेत यायला तयार आहोत. कच्च्या रीडिंगच्या पानावर सही तुमची, समासातले प्रश्न आम्ही लिहू, गुण अर्थातच तुम्ही द्याल. माझ्या रफ वहीतल्या त्या पानाची आणि नव्या आलेखाची प्रत सोबत जोडली आहे. जर्नलमधलं पानही जोडलं आहे. त्यावरचे 9 गुण मला ठेवायचे नाहीत. पण ते कमी करायच्या आधी मला तो प्रयोग एकदा पुन्हा करू द्या. या वेळी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजेन.

आपली,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी